स्मरणाचें फूल आणि खेळाडूचा सदरा

काव्यांतील प्रतीकांविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. चंद्र, चातक, कमळ, दीप यांचे अर्थ आम्ही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें सांगत आलों. परंतु जें प्रतीक पुस्तकाच्या पानांत न राहतां मनुष्याच्या छातीवर टांचलें जातें, आणि तें न लावल्यास हजारों लोक त्या मनुष्याची हुर्यो करितात, त्याच्याकडे टीकाकारांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. इंग्लंडांत नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत कोटावर लाविलें जाणारें तांबडें कागदी फूल, म्हणजे पॉपी, हें असें एक प्रतीक होय. तें फुटबॉलच्या मैदानावर आल्यापासून त्याच्या अर्थास जें वळण लागलें, त्याचा विचार आम्ही येथें करणार आहों. आणि त्या निमित्तानें एका फुटबॉलपटूनें लिहिलेल्या पत्राकडे वाङ्मय म्हणून पाहणार आहों.

पॉपी ही खसखशीच्या कुळांतली. आपल्या भाषेंत खसखस पिकते ती हास्याची. आणि तिच्याच घरची अफू ही झोंपेची व विस्मृतीची. शोकाशीं वा स्मरणाशीं या फुलाचें नातें मराठी वाचकाच्या मनांत आपोआप जुळत नाहीं. चिनी मनुष्याच्या मनांत तर तें भलतेंच जुळतें. सन २०१० च्या नोव्हेंबरांत ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरॉन बीजिंगला गेले असतां त्यांच्या कोटावरील फुलानें तेथील अधिकाऱ्यांस अफूच्या युद्धांची आठवण झाली, व तें काढून ठेवावें अशी सूचना त्यांनीं केली, असें त्या वेळीं वृत्तपत्रांनीं छापिलें होतें. कॅमेरॉन यांनीं फूल काढिलें नाहीं. आपल्या परीनें दोन्ही पक्ष बरोबरच होते. प्रतीकाचा अर्थ फुलांत नसतो; तो पाहणाराच्या इतिहासांत असतो.

या फुलाची मूळ कथा अनेकांस ठाऊक असेल. कॅनडाचा लष्करी डॉक्टर जॉन मॅक्रे यानें १९१५ च्या मे महिन्यांत, एक मित्र तोफेच्या गोळ्यानें ठार झाल्यावर, फ्लँडर्सच्या रणभूमीवर एक छोटी कविता लिहिली. ती त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लंडनच्या ‘पंच’ पत्रांत आली आणि पॉपी जगभर झाली. या कवितेचें पहिलें कडवें सर्वांच्या तोंडीं असतें. तिसऱ्याकडे लक्ष फारच थोड्यांचें जातें. पहिल्या दोहोंत मृतांचा निःश्वास आहे, तिसऱ्यांत एकाएकीं हुकूम आहे. मेलेले सैनिक जिवंतांस लढाई पुढें चालविण्यास बजावितात, आणि तसें न केल्यास आम्हांस झोंप लागणार नाहीं असा धाकही घालतात. पॉल फसेल या अमेरिकन टीकाकारानें १९७५ सालीं आपल्या ग्रंथांत या कडव्यास सैन्यभरतीच्या जाहिरातीच्या पंक्तीस बसविलें, तें आम्हांस कठोर वाटलें तरी अन्यायाचें वाटत नाहीं. कॅनडांत १९१७ सालीं युद्धकर्जाचे रोखे खपविण्याकरितां या कवितेचा उपयोग झालाच होता. तेव्हां ‘पॉपीला राजकारण कधीं शिवलेंच नव्हतें, तें मागाहून कोणी तरी आणिलें’ हें जें म्हटलें जातें, तें खरें नाहीं. शोक आणि आवाहन हे दोन्ही सूर तिच्यांत जन्मापासून आहेत.

ब्रिटिश लीजननें पहिला पॉपी-दिन पाळला तो ११ नोव्हेंबर १९२१ रोजीं. फुलांच्या विक्रीचा पैसा जखमी व बेकार सैनिकांकडे जात असे, आणि १९२२ पासून पंगू सैनिकच तीं फुलें करूं लागले. या कार्याविषयीं वांकडा शब्द काढण्याचें आमच्या मनांत नाहीं. परंतु त्या फुलाच्या मधल्या काळ्या बोंडावर १९९४ पर्यंत ‘हेग फंड’ हीं अक्षरें होतीं, हें मात्र सांगितलें पाहिजे. सोमच्या रणांत १ जुलै १९१६ या एका दिवसांत ब्रिटिश सैन्याचे एकोणीस हजारांहून अधिक लोक मेले. त्या सैन्याचा सेनापति हाच हेग होता. मृतांच्या स्मरणाच्या फुलावर त्यांस रणांत धाडणाराचें नांव असावें, ही गोष्ट कोणा नाटककारास सुचती तर आम्ही तिला अतिरंजित म्हटलें असतें.

आतां फुटबॉल. या खेळाचा आणि त्या युद्धाचा संबंध जुना व खरा आहे. १९१४ च्या शरदांत देश लढत असतां धडधाकट तरुण चेंडूमागें धांवतात, ही टीका इंग्लंडांत जोरांत होती, आणि मैदानांवर भरतीचीं भाषणें होत. एडिंबरोच्या हार्ट्स संघाचे खेळाडू त्या नोव्हेंबरांत सर जॉर्ज मॅक्रे याच्या पलटणींत दाखल झाले. त्यांतील सात परत आले नाहींत. सोमच्या त्याच पहिल्या दिवशीं कॅप्टन नेव्हिल यानें आपल्या शिपायांस फुटबॉल देऊन ते पायांनीं ढकलीत शत्रूच्या खंदकाकडे न्यावयास लाविले, व तो स्वतः तेथेंच पडला. त्याच काळीं, लष्करी पोशाख न घातलेल्या तरुणांच्या हातांत भर रस्त्यांत पांढरें पीस देऊन त्यांस भ्याड ठरविण्याची चाल इंग्लंडांत पडली होती. तें पांढरें पीस वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत जे मैदानावर खेळत आणि जे कडेला उभे राहून पाहत, त्यांतील कित्येकांनीं खंदक स्वतः पाहिले होते. त्यांच्या सदऱ्यांवर पॉपी नव्हती. खेळाडूंच्या सदऱ्यावर ती शिवण्याची सार्वत्रिक चाल एकविसाव्या शतकाचीं पहिलीं दहा वर्षें सरतां सरतां पडली, म्हणजे पहिल्या महायुद्धाचे अखेरचे सैनिक निजधामास जात होते त्या सुमारास. ज्यांनीं भोगलें ते फुलावांचून खेळले, आणि ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांस फुलावांचून खेळतां येईना.

पुढील प्रकरण वृत्तपत्रांतून गाजलें असल्यानें थोडक्यांत सांगतों. सदऱ्यावर राजकीय, धार्मिक वा वैयक्तिक संदेश नको, असा खेळाचा नियम आहे. त्यावर बोट ठेवून २०११ सालीं स्पेनविरुद्धच्या सामन्याच्या वेळीं फिफानें इंग्लंडास पॉपी नाकारली. राजपुत्र विल्यम व पंतप्रधान मध्यें पडले, झुरिकमध्यें फिफाच्या कचेरीच्या छपरावर इंग्लंडांतील एका अतिउजव्या संघटनेचे दोघे जण चढून बसले, आणि शेवटीं दंडावरील काळ्या पट्टीवर फूल असावें अशी तडजोड झाली. ११ नोव्हेंबर २०१६ रोजीं इंग्लंड व स्कॉटलंड वेंब्लेवर खेळले तेव्हां पुन्हा मनाई झाली. पंतप्रधान थेरेसा मे यांनीं ती संतापजनक ठरविली. दोन्ही संघांनीं पट्ट्या बांधल्याच. फिफानें इंग्लंडास ४५,०००, स्कॉटलंड व वेल्स यांस प्रत्येकीं २०,००० आणि उत्तर आयर्लंडास १५,००० स्विस फ्रँक दंड केला. त्याच वर्षीं आयर्लंडच्या संघानें १९१६ च्या ईस्टर-उठावाच्या शताब्दीचें चिन्ह सदऱ्यावर घातलें म्हणून त्यासही ५,००० फ्रँक भरावे लागले. आयरिश मनुष्याच्या मतें तेंही निव्वळ स्मरणच होतें! ज्यांस आपलें फूल राजकारणाच्या पलीकडचें वाटत होतें, त्यांस शेजाऱ्याच्या चिन्हांत राजकारण चटकन दिसलें असतें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

आतां त्या पत्राकडे वळूं. जेम्स मॅक्लीन हा उत्तर आयर्लंडांतील डेरी शहराच्या क्रेगन वस्तींतला. २०१२ च्या नोव्हेंबरांत संडरलंडकडून खेळतांना त्यानें पॉपी लाविली नाहीं, तेव्हांपासून मैदानोमैदानीं त्याची हुर्यो होऊं लागली व जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या. २०१४ सालीं विगन संघांत असतां त्यानें संघाचे मालक डेव्ह व्हेलन यांस पत्र लिहून आपली बाजू मांडली, आणि तें प्रसिद्ध झालें.

पत्राची रचना पाहण्याजोगी आहे. आरंभीं तो दोन्ही महायुद्धांतील मृतांस आदर व्यक्त करितो, त्यांत आयरिश लोक पुष्कळ होते याची आठवण देतो, आणि व्हेलन यांचे टिपरेरीचे आजोबाही त्यांत होते असें हळूच सांगतो. हा केवळ वादपटुत्वाचा डाव नव्हे. समोरच्या माणसाच्या घरांतील मृतास आधीं नमस्कार करून मग बोलण्याची ही जुनी रीत आहे. पुढें तो म्हणतो कीं, हें फूल त्या दोन युद्धांपुरतें असतें तर मीं तें लाविलें असतें; पण १९४५ नंतरच्या सर्व लढायांचें स्मरणही त्यांत येतें, आणि तेथें माझी अडचण सुरू होते. ३० जानेवारी १९७२ रोजीं डेरींत नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनीं गोळीबार केला. तेरा जण ठार झाले, चौदावा मागाहून गेला. ते निरपराध होते, हें ब्रिटिश सरकारनें २०१० सालीं कबूल केलें. मॅक्लीनचा जन्म या घटनेनंतर सतरा वर्षांचा. तरी तो लिहितो कीं आमच्याकडील प्रत्येक जण अजून त्या दिवसाच्या छायेंत राहतो. स्मरण म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेल्याची आठवण नव्हे, हें फ्लँडर्स न पाहिलेला इंग्रज आणि तो रविवार न पाहिलेला डेरीचा मुलगा या दोघांसही सारखेंच लागू आहे. आणि या एका वाक्यानें तो आपल्या टीकाकारांच्याच भूमीवर येऊन उभा राहतो.

पत्रांत उणें नाहीं असें नाहीं. ‘पुरुष असाल तर आपल्या मताशीं उभे राहा’ या अर्थाचें शेवटाकडील वाक्य चावून चोथा झालेलें आहे, व एवढ्या संयमानंतर तें खटकतें. महायुद्धें व नंतरच्या लढाया अशी जी रेघ तो ओढितो, तीही पूर्ण टिकत नाहीं. अफगाणिस्तानांत पति गमावलेल्या बाईनें तिचें फूल कोणत्या बाजूस ठेवावें, याचें उत्तर पत्रांत नाहीं. मागाहून, २०२० सालीं, यानेंच तोंडावर काळा बुरखा घेऊन, मुलांस ‘इतिहासाचा पाठ’ देत असल्याचें छायाचित्र प्रसिद्ध केलें. त्याच्या संघानें त्यास दंड केला आणि त्यानें क्षमा मागितली. त्याच्या त्या कृत्यांत १९८७ च्या नोव्हेंबरांत एनिस्किलन येथें, याच फुलांच्या समारंभास जमलेल्या अकरा जणांस बाँबनें मारणाऱ्यांची आठवण होती. त्या गांवीं पॉपीचा अर्थ काय असेल हें सांगावयास नको. परंतु लेखक पुढें चुकला म्हणून त्याचें आधीचें लेखन खोटें ठरत नाहीं, हें आम्ही कवींच्या बाबतींत मानितों; तेंच येथेंही मानिलें पाहिजे.

फिफापुढें प्रश्न होता तो ‘पॉपी राजकीय आहे काय?’ असा. आमच्या मतें प्रश्नच चुकीचा मांडला गेला. जोंवर फूल पेटींत पैसे टाकून ज्याचें त्यानें घ्यावयाचें आहे, तोंवर त्यांत आवाहन असो वा शोक, तें त्याच्या मनाचें आहे. लीजनचेंही अधिकृत म्हणणें हेंच कीं तें ऐच्छिक असावें. तें गणवेशावर छापलें कीं, लावणें ही कृति राहत नाहीं. न लावणें हीच कृति होते. अकरांतील दहांच्या मनांत काय आहे तें मग कोणासच कळत नाहीं, आणि अकराव्यास मात्र खुलासा लिहावा लागतो. नेमान्या मातिच या सर्बियन खेळाडूसही २०१८ सालीं तो लिहावा लागला; १९९९ च्या नाटोच्या बाँबवर्षावांत त्याचें गांव सांपडलें तेव्हां तो अवघा दहा वर्षांचा होता. पांढरें पीस हातांत देणारी बाई आणि तांबडें फूल नाहीं म्हणून ओरडणारा प्रेक्षक यांच्यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं.

फूल नाकारण्याची ही गोष्ट नवी नव्हे. १९३३ सालीं इंग्लंडांतील सहकारी महिला संघानें युद्धविरोधाची पांढरी पॉपी काढिली. सिलोनांत त्याआधीं दोन वर्षें, पॉपीचा पैसा ब्रिटिश सैनिकांकडे जातो व आमच्या माजी सैनिकांस कोणी विचारीत नाहीं म्हणून ‘सूर्य-मल’ विकण्यास आरंभ झाला. आपण कोंकणांत ज्याला भेंडीचें झाड म्हणतों त्याचें हें पिवळें फूल. आमच्याकडे असें कोणी केलें नाहीं, परंतु कारण होतें. कुतच्या वेढ्यांत आणि मेसोपोटेमियाच्या वाळवंटांत साताऱ्याचे व रत्नागिरीचे मराठे पुष्कळ पडले. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांचीं नांवें कोरिलीं, हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या दिली. युद्धसमाधींच्या राष्ट्रकुल मंडळानें २०२१ सालीं या भेदाबद्दल क्षमा मागितली.

२०१७ मध्यें नियम सैल झाला. प्रतिपक्ष व सामन्याचे आयोजक यांची संमति असेल तर स्मरणचिन्ह चालेल, असें ठरलें. त्या वर्षीं १० नोव्हेंबरला वेंब्लेवर इंग्लंड व जर्मनी खेळले, दोन्ही संघांच्या दंडांवर पॉपीच्या पट्ट्या होत्या, आणि सामना गोलावांचून बरोबरींत सुटला. जर्मनांस विचारलें गेलें हें उत्तम झालें. पट्टी ज्याच्या दंडावर बांधावयाची त्या खेळाडूची संमति घ्यावी, असें मात्र त्या नियमांत कोठें म्हटलेलें नाहीं.