निग्रहस्थाने आणि संपादकाची कात्री

वाचकाच्या प्रतिसादाचा विचार मराठी समीक्षेत रूढ झाला तो प्रामुख्याने वोल्फगांग इझर आणि स्टॅन्ली फिश यांच्या नावांबरोबर. संहितेतील रिकाम्या जागा भरून काढणारा वाचक आणि अर्थनिर्णय करणाऱ्या समूहाचा घटक असलेला वाचक या दोन्ही कल्पना आता आपल्या परिभाषेत मुरल्या आहेत. पण हा वाचक मुका आहे. तो अर्थ लावतो, बोलत नाही. त्याला राग येत नाही, तो पत्र लिहीत नाही, आणि त्याने लिहिलेच तर ते छापावे की नाही हे ठरविणारा कोणी त्याच्या आणि छापील पानाच्या मध्ये उभा नसतो. प्रत्यक्षात नियतकालिकांच्या इतिहासात असा मधला माणूस पहिल्यापासून आहे. वाचकांच्या पत्रातील कोणते वाक्य राहील, कोणते गळेल, वाद कोठे थांबवावा, हे संपादक ठरवितो आणि हे सारे ‘सभ्यता’ या एकाच शब्दाच्या आधारे करतो. या शब्दाची तपासणी मात्र क्वचितच झाली आहे.

संपादकाच्या भूमिकेला कायद्याची एक बाजू आहे, ती आधी नोंदविली पाहिजे. १८६७ च्या कायद्याने मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक झाले. लिहिणारा कोणीही असो, जबाब देण्यासाठी कोणीतरी सापडावा, ही त्यामागील व्यवस्था होती. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, ती दिवाण बर्वे यांच्या नावावरील पत्रांवर विश्वास ठेवल्यामुळे. ती पत्रे बनावट ठरली आणि दोघांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. दुसऱ्याच्या मजकुराची किंमत संपादकाला मोजावी लागते, हा धडा मराठी वृत्तपत्रसृष्टीने तेव्हापासून पाठ केला आहे. तेव्हा कात्रीमागे भीतीही असते, हे मान्य करावे. परंतु भीतीने केलेल्या छाटणीला सौजन्याचे नाव दिले की विचारात घोटाळा सुरू होतो.

भारतीय परंपरेत वादाचे नियमन करणारे शास्त्र होते. न्यायसूत्रांनी कथेचे तीन प्रकार मानले: तत्त्वनिर्णयासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्ष पाडणारी वितंडा. चरकसंहितेच्या विमानस्थानातही वैद्यांच्या चर्चेचे संधाय आणि विगृह्य असे दोन भेद केलेले असून सभा कशी आहे, ज्ञानवती की मूढ, अनुकूल की प्रतिकूल, हे आधी पारखून घ्यावे असे सांगितले आहे. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द आपण सैलपणे कोणत्याही भांडणाला लावतो. मूळ संकल्पना बरीच काटेकोर आहे. वैतंडिक कर्कश बोलतो म्हणून दोषी नसतो. तो स्वतः कोठेच उभा राहत नाही, हा त्याचा दोष असतो.

याहून उद्बोधक आहे ती निग्रहस्थानांची यादी. वादी कोठे हरला असे मानावे याची बावीस स्थाने तिथे सांगितली आहेत, आणि त्या बाविसांत अपशब्दाला एकही जागा नाही. विषय सोडून भलतेच बोलणे हे अर्थान्तर. काम आहे म्हणून चर्चा मध्येच सोडून जाणे हा विक्षेप. आरोपाचे निरसन न करता ‘तुमच्याही पक्षात हाच दोष आहे’ असे म्हणणे ही मतानुज्ञा. कारण असे म्हणताना आरोप मान्यच केलेला असतो. (आजच्या सार्वजनिक चर्चेतील निम्मी उत्तरे या एका स्थानी पडतील.) प्रतिपक्षाने तीन वेळा सांगितलेले आणि सभेला समजलेले विधान ज्याला परत मांडून दाखविता येत नाही, तो अननुभाषणाने हरतो. आणि ज्याचा दोष दाखवायला हवा होता त्याच्याकडे दुर्लक्ष करणे, पर्यनुयोज्योपेक्षण, हेही निग्रहस्थानच! म्हणजे भिडेखातर गप्प बसणाऱ्यालाही या शास्त्रात सूट नाही. सभ्यता म्हणजे मऊ बोलणे, ही समजूत येथे पार मोडून पडते. येथील शिस्त उत्तर देण्याची आहे. आधी ऐका, ऐकलेले परत सांगा, मग त्यालाच उत्तर द्या.

ही शिस्त पोथीतच राहिली असे मात्र नाही. गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी हे मुंबई-कोलकाता महामार्गावरचे तालुक्याचे गाव. अर्जुनी मोरगावपासून वेगळे ओळखता यावे म्हणून सडकेचे नाव मिरविणारे. हा सारा मुलूख झाडीपट्टीचा. येथे दंडार आहे, रात्र-रात्र चालणारी नाटके आहेत, आणि खडी गंमत आहे. कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे शाहीर समोरासमोर उभे राहतात. कलगीवाला शक्तीचे श्रेष्ठत्व सांगतो, तुरेवाला शिवाचे. एकाने कोडे घालायचे, दुसऱ्याने ते सोडवायचे आणि उलट नवे घालायचे. मध्ये परस्परांची यथेच्छ टिंगल होते. एकमेकांच्या गुरूचा, ज्ञानाचा, आवाजाचा उद्धार होतो. प्रमाण मराठीच्या कानाला हे सारे असभ्य वाटण्याजोगे. पण कवनाला कवनानेच उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर देण्याआधी समोरच्याचे कवन पुरते ऐकावे लागते; कारण ऐकले नाही तर कोडे सुटत नाही. सवाल चुकविणारा शाहीर समोर बसलेल्या श्रोत्यांच्या लगेच ध्यानात येतो. अननुभाषण आणि विक्षेप ही नावे त्या श्रोत्यांना माहीत नसतील, दोष मात्र ते नेमका पकडतात. शिवी येथे आकृतिबंधात बांधलेली असते आणि तो आकृतिबंध तिला निरुपद्रवी करतो.

छापील पानावर हीच गोष्ट उलटी झालेली दिसते. तिथे शब्दांची छाननी होते, उत्तराची होत नाही. एकोणिसाव्या शतकातील एक उदाहरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. १८७४ मध्ये सुरू झालेल्या निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेतला तो मुख्यतः भाषेच्या अंगाने. व्याकरणाच्या चुका, शब्दांची रूपे, वाक्यांची मोडणी हे त्यांच्या उपहासाचे विषय. फुल्यांचा मूळ प्रश्न जातिव्यवस्थेचा आणि ज्ञानाच्या मक्तेदारीचा होता. त्याला अशुद्धलेखन दाखवून उत्तर देणे हे न्यायाच्या परिभाषेत सरळ अर्थान्तर आहे. तरीही मराठी गद्याच्या इतिहासांत चिपळूणकरांचा हा उपहास शैलीचे वैभव म्हणून नोंदला गेला आणि फुल्यांची भाषा दीर्घकाळ रांगडी, असंस्कृत ठरली. दोघांपैकी अधिक बोचरे कोण लिहीत होते, हा प्रश्न साहित्येतिहासकारांना पडला नाही. कारण सभ्यता तेव्हाही आशयावरून किंवा वर्तनावरून ठरत नव्हती. ती वर्णोच्चारावरून ठरत होती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेसाठी बोलावले तेव्हा फुल्यांनी नकाराचे जे पत्र धाडले, ते ‘ज्ञानोदया’त छापले गेले. त्या पत्राचा स्वर कडक आहे, पण निग्रहस्थान त्यात शोधून सापडत नाही. आपण का येणार नाही, हे कारणांसह सांगून फुले त्यात आपल्या पक्षावर स्पष्टपणे उभे राहतात.

टोपणनावाचा प्रश्नही याच संदर्भात पाहावा. नाव लपविणारा बेजबाबदार असतो, हे आज स्वयंसिद्ध मानले जाते. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’त ‘लोकहितवादी’ या नावाने जी पत्रे लिहिली, ती स्वजातीवरील अत्यंत कठोर टीकेने भरलेली आहेत. सरकारी नोकरीतील माणसाला हे लिहिणे त्या पडद्यामुळे सोपे झाले असणार. पण पत्रांमागून पत्रे त्याच नावाने येत राहिली. तेव्हा नाव खोटे असले तरी जबाब देणारा एक होता, वाचकाला तो ओळखीचा झाला होता. जबाबदारी जन्मनावातच असते असे नव्हे.

या मांडणीवर एक आक्षेप गंभीर आहे. निग्रहस्थानांच्या यादीत अपशब्द नाही याचे कारण वादी आणि प्रतिवादी एकाच वर्गातले, एकाच शिक्षणातले होते, असे म्हणता येईल. ज्याला सभेत प्रवेशच नव्हता त्याच्याविषयी काय बोलले जाई, याची दखल शास्त्राने घेण्याचे कारण नव्हते. खडी गमतीतही बाईच्या वेषातला नाच्या असतो, आणि टिंगलीचा रोख कित्येकदा समोरच्या शाहिरावरून घसरून स्त्रीजातीवर किंवा एखाद्या जातीवर जातो. शाहिराला परत फेड करता येते. या तिसऱ्याला पाळीच नसते. आकृतिबंध येथे तोकडा पडतो. संपादकाच्या कात्रीला खरे काम आहे ते या ठिकाणी. समोर उभ्या असलेल्या लेखकावर वाचकाने कितीही तीव्र टीका करावी, त्याला उत्तराला जागा आहे. ज्याला त्या पानावर बोलण्याची सोयच नाही त्याच्यावर केलेला प्रहार मात्र गाळणे हा संपादकाचा धर्म ठरतो. प्रचलित रीत नेमकी याच्या विरुद्ध आहे. प्रतिष्ठित लेखकावरील तिखट वाक्य मवाळ केले जाते आणि अनुपस्थित समूहाविषयीचा तुच्छतेचा सूर, तो प्रमाण भाषेत आहे एवढ्यावरच, तसाच छापला जातो.

प्रमाण भाषेच्या या वर्चस्वाची किंमत सडक अर्जुनीसारख्या गावातून लिहिणारा मोजतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा जो अभ्यास केला, त्याने ही बोली म्हणजे प्रमाण मराठीचा बिघाड नव्हे, तिला स्वतःची ध्वनिव्यवस्था आहे, हे पुढे आणले. ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘र’, ‘श’च्या जागी ‘स’: पानी, डोरा, सेत. आदराचीही या भागाची स्वतःची रीत आहे. प्रमाण मराठी आदर दाखविते तो सर्वनामाच्या आणि क्रियापदाच्या अनेकवचनातून. या भागात वाक्याच्या शेवटी येणारा ‘जी’ ते काम मोठ्या सहजतेने करतो. ‘असं कसं म्हनता जी’ या वाक्यात विरोध आहे आणि अदबही आहे. पत्रव्यवहाराच्या मेजावर असे वाक्य दोन वाटांनी जाते. एक तर ते शुद्ध होऊन ‘आपले विधान पटत नाही’ असे छापले जाते, तेव्हा विरोध राहतो आणि अदब गळते. किंवा ते उद्धट समजून बाजूला ठेवले जाते, आणि ज्या लेखकाला उत्तर द्यायचे होते त्याला असे उत्तर आले होते हे कधी कळतच नाही.