संशोधनाची भाषा आणि लोकांची भाषा : इरावती कर्वे यांच्या लेखनाच्या संदर्भात

प्रस्तावना :

मानवशास्त्र हे माणसांत राहून करावयाचे शास्त्र आहे. संशोधक पोडावर, तांड्यावर, गावात मुक्काम करतो. लोकांची नातीगोती, दैवते, सोयरिकी आणि भांडणे टिपून घेतो. त्यातून सिद्ध झालेला प्रबंध मात्र विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्थिरावतो. ज्यांच्या ओसरीवर बसून तो घडला, त्यांच्यापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. हे ज्ञान विद्यापीठाबाहेर कसे न्यावे, या प्रश्नाचे मराठीतील समर्थ उत्तर म्हणून इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांच्या लेखनाकडे पाहिले जाते. ते उत्तर कितपत पुरेसे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रज्ञ लेखिका :

इरावतीबाईंनी बर्लिन येथे डॉक्टरेट मिळविली आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन केले. भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा प्रमुख ग्रंथ १९५३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच वेळी 'परिपूर्ती', 'भोवरा' यांसारख्या संग्रहांतून त्या मराठी वाचकाशी बोलत होत्या.

'परिपूर्ती'तील 'वाटचाल' हा लेख या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पंढरीच्या वाटेवर चालणारी लेखिका वारीचे वर्णन करता करता एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या पंगती वेगळ्या बसतात हे पाहते आणि त्याचा सल बोलून दाखविते. मराठा मंडळींबरोबर जेवल्यानंतर त्या बायका अधिक मोकळेपणाने बोलू लागल्या, हेही ती नोंदविते. येथे जातिव्यवस्थेची व्याख्या दिलेली नाही. तरीही भक्तीतील समता आणि पंगतीतील भेद यांमधील अंतर वाचकाला स्वच्छ दिसते. संशोधिका स्वतः त्या दृश्यात उभी असल्यामुळे हे साधले आहे. सामान्य वाचकासाठी लिहिताना शास्त्र पातळ करावे लागते, हा समज हा लेख खोडून काढतो. १९६२ मध्ये याच लेखाचा इंग्रजी अनुवाद 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आला, हे लक्षणीय आहे. मराठी वाचकासाठी लिहिलेले ललित पुढे अभ्यासकांचे साधन ठरले.

'युगान्त' (१९६७) या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यातही शास्त्र कथेच्या पोटात आहे. विदुर आणि युधिष्ठिर यांच्या नात्याची शंका घेताना नियोगप्रथेचे ज्ञान कामी येते. खांडववनदाहाकडे त्या दैवी पराक्रम म्हणून न पाहता तेथील रहिवाशांच्या संहाराच्या बाजूने पाहतात. जंगलावर जगणाऱ्या समाजांच्या जिल्ह्यात शिकविणाऱ्या प्राध्यापकाला ही मांडणी केवळ महाभारताविषयीची वाटणार नाही.

भाषांची वाटणी :

तथापि या यशाची दुसरी बाजूही तपासली पाहिजे. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी इरावतीबाईंनी जाई निंबकर यांच्यासमवेत केली. तिचा अहवाल १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला, तो इंग्रजीत. 'मराठी लोकांची संस्कृती' (१९५१) यांसारखे शास्त्रीय लेखन त्यांनी मराठीत केले होते. म्हणजे अडचण भाषेच्या क्षमतेची नव्हती. तरीही मराठी वाचकाला वारी आणि महाभारत मिळाले, तर ज्यांची घरे व जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या स्थितीची नोंद त्यांना वाचता न येणाऱ्या भाषेत राहिली. हा दोष एकट्या लेखिकेचा मानणे अन्यायाचे होईल. अहवाल शासनासाठी व विद्वानांसाठी आणि ललित लेखन सुशिक्षित वाचकासाठी, ही त्या काळाची रूढ वाटणी होती. दोन्ही ठिकाणी वाचक पांढरपेशाच होता.

ही वाटणी पुढे आतूनच मोडली गेली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांनी अभ्यासविषय मानले गेलेले समाज स्वतः लेखक झाले. त्यानंतर 'आम्ही त्यांच्याविषयी लिहितो' एवढ्यावर मानवशास्त्राला थांबता येत नाही.

दारव्ह्याच्या संदर्भात :

दारव्हा परिसरातील महाविद्यालयात हा प्रश्न अमूर्त राहत नाही. येथील वर्गात तांड्यावरून आलेला, घरी गोरमाटी बोलणारा विद्यार्थी बसतो. जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत कोलाम वस्ती आहे. कोलामी भाषेचे मरे एमेनो यांनी लिहिलेले व्याकरण १९५५ मध्ये अमेरिकेत, इंग्रजीत प्रसिद्ध झाले. ज्यांची ती भाषा, त्यांच्या हाती ते येण्याचा मार्ग नव्हता. अशा ठिकाणी केवळ मराठीत लिहिणे हीसुद्धा अर्धीच वाट ठरते. बेंबळा प्रकल्पासाठी उठलेल्या गावांचा अभ्यास करणाऱ्याने कोयनेच्या अहवालाचे भवितव्य आठवणे म्हणूनच आवश्यक आहे.

यात अध्यापकाची अडचणही खरी आहे. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने लागू केलेल्या गुणांकनात संशोधनपत्रिकेतील निबंधापुढे वृत्तपत्रीय लेखाला वा गावातील व्याख्यानाला नगण्य वजन मिळाले. पदोन्नतीचा हिशेब ज्या दिशेने होतो, त्याच दिशेने लेखणीही वळते.

निष्कर्ष :

इरावती कर्वे यांच्या लेखनातून दोन बोध निघतात. पहिला असा की, स्वतःला दृश्यात ठेवून, प्रसंगातून सिद्धान्त उलगडत लिहिल्यास शास्त्र सामान्य वाचकापर्यंत अखंड पोहोचते. दुसरा बोध त्यांच्या लेखनाच्या मर्यादेतून मिळतो : ज्या निष्कर्षांवर लोकांचे हक्क अवलंबून असतात, ते आधी त्या लोकांच्या भाषेत गेले पाहिजेत. प्रबंध सादर होण्यापूर्वी त्याचा सारांश ग्रामसभेत वा तांड्यावर वाचून दाखविणे, आक्षेप ऐकणे आणि ते प्रबंधात नोंदविणे, एवढी प्रथा महाविद्यालयांना आपल्या पातळीवर सुरू करता येईल. त्या बैठकीत दुभाषा म्हणून तांड्यावरचा विद्यार्थी उभा राहील, तेव्हा संशोधनाचा पहिला परीक्षक कोण, याचेही उत्तर मिळेल.