जागा कुणासाठी?

9 मार्च 1973 च्या 'सायन्स' साप्ताहिकातला कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांचा शोधनिबंध जेमतेम चार पानांचा आहे. पण तो सावकाश वाचत गेलो, तर प्रयोगालाही रचनासौंदर्य असते, याची सुखद प्रचिती आपल्याला येते. पर्ट तेव्हा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्नायडर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करत होत्या. वेदना शमवणारे आणि माणसाला अंकितही करणारे मॉर्फिन ज्या अर्थी इतक्या अल्प मात्रेत परिणाम साधते, त्या अर्थी पेशींवर त्याच्यासाठी खास जागा, म्हणजे रिसेप्टर, असणार, हा तर्क जुनाच होता. त्या जागेचा निःसंशय पुरावा मात्र हाती लागत नव्हता.

पहिले रसस्थळ निवडीतच आहे. शोध मॉर्फिनच्या जागेचा, आणि तिच्याकडे धाडले आहे ते नॅलोक्सोन! हे द्रव्य ती जागा घट्ट धरून ठेवते, पण स्वतः धुंदी आणत नाही. अफूजन्य औषधांच्या अतिमात्रेने श्वास मंदावलेल्या रुग्णाला तेच उतारा म्हणून देतात. त्याला ट्रिशियमची किरणोत्सारी खूण जोडायची, उंदराच्या मेंदूच्या लगद्यात ते मिसळायचे, गाळणीवर झटपट धुऊन घ्यायचे आणि मागे किती चिकटून राहिले ते मोजायचे: कृती एवढीच.

पण चिकटलेले सारे योग्य जागीच चिकटले, हे कशावरून? इथे निबंधातली सर्वांत देखणी युक्ती येते. लिव्हॉर्फॅनॉल आणि डेक्स्ट्रॉर्फन यांचे अणू-रेणूंचे सामान तेच. फक्त एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. पहिले प्रभावी वेदनाशामक, दुसऱ्यात तो गुण जवळजवळ नाहीच. उजव्या पायाचा जोडा डाव्या पायात जाऊ नये, तसे घडते: लिव्हॉर्फॅनॉल नॅलोक्सोनला जागेवरून हुसकावते, डेक्स्ट्रॉर्फनला ते साधत नाही. दोन्ही मोजमापांतला फरक हाच पुरावा, आणि एका वजाबाकीत एवढे सौंदर्य मावते, याचा आनंद आपण पुन्हा पुन्हा घ्यावा.

मग छोटे छोटे तपशील उजळू लागतात. कोडीनची पकड फारच दुबळी दिसते, आणि ते शरीरात गेल्यावर मॉर्फिनमध्ये रूपांतरित होते, हे आठवताच ती विसंगती सुसंगतीत विरघळते. गिनीपिगच्या आतड्यातही तीच जागा सापडते, आणि अफूने होणाऱ्या बद्धकोष्ठाचे मर्म ध्यानात येते.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि उप्सालात लार्स टेरेनियस यांनीही स्वतंत्रपणे हीच वाट काढली. पण खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी प्राण्याच्या मेंदूने जागा का राखावी? या प्रश्नाचे उत्तर 1975 मध्ये अ‍ॅबर्डीनहून आले: जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळे केले. ही मेंदूने स्वतः घडवलेली, पाच-पाच अमिनो आम्लांची, वेदनाहारी द्रव्ये. जागा आधीपासून त्यांची होती. अफू तिथे आगंतुक. व्यसनाकडे पाहणारी आपली नजरही या ज्ञानाने निवळते, कारण अफूची ओढ जिथे जडते, ती यंत्रणा वेदनेतून तगून राहण्यासाठी निसर्गाने प्रत्येकाला दिलेली आहे. एका औषधाचा ठावठिकाणा शोधायला निघालेली चार पाने आपल्याला आपल्याच देहाच्या औदार्यापर्यंत आणून सोडतात, आणि या निबंधाचा खरा रस मला तिथेच वाटतो.