छापील बासरी, पट्टी काळी एक

अठराव्या शतकातल्या युरोपीय बासरीची नक्कल आता थ्रीडी प्रिंटरवर छापून मिळते. तिची सहाही भोकं बंद करून फुंकली की पेटीवरची काळी एक लागते. कंधार-लोह्याकडच्या कुठल्याही भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला हे अर्ध्या मिनिटात पडताळता येईल. या बासरीचा खालचा स्वर 'डी' आहे खरा, पण तिच्या बहुतेक नकला 'ए'चे 415 कंप धरून बनवतात आणि आपली पेटी 440 धरून लावलेली असते. त्यामुळे डी जवळजवळ अर्धा स्वर खाली येतो. तिथून एकेक बोट उचलत गेलं की सरळ बिलावल निघतो. आपल्या बासरीसारखा वरची तीन भोकं मिटून सा धरला, तर तो काळी तीनचा होतो. म्हणजे बांबूची बासरी वाजवणाऱ्याला हे वाद्य परकं नाही. तरी ते पहिल्या दिवशी नमवतं, आणि नेमकं कुठे नमवतं यावरच छापील नकलांची परीक्षा करायला हवी.

या बासरीला ट्रॅव्हर्सो म्हणतात. सहा भोकं आणि उजव्या करंगळीखाली एकच कळ. बांबूची नळी सरळ असते. हिची पोकळी डोक्याच्या तुकड्यात साधारण 19 मिलिमीटरची, आणि तिथून शेपटाकडे निमुळती होत जाते. या उतारामुळे वरचं सप्तक खालच्याशी जुळतं आणि भोकं बोटांच्या आवाक्यात येतात. फ्रान्सच्या ऑटेतेर यांनी 1707 साली तिच्या वादनावर पुस्तक लिहिलं, तेव्हा ती तीन तुकड्यांची होती. 1720च्या सुमारास मधल्या लांब तुकड्याचे दोन झाले. पुढे थिओबाल्ड बोम यांनी 1847 साली दंडगोल नळीची, कळांनी भरलेली बासरी आणली आणि एका कळेची बासरी हळूहळू मागे पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बार्थोल्ड कुयकेन यांच्यासारख्या वादकांनी ती पुन्हा मैफिलीत आणली. पण बॉक्सवूडची हाताने घडवलेली चांगली नक्कल आपल्या पैशांत लाखाच्या वर सहज जाते, शिवाय कारागिराकडे नंबर लावून थांबावं लागतं. स्वस्तात हवी असेल तर जपानच्या ऑलोस कंपनीची साच्यातली प्लॅस्टिकची बासरी बरीच वर्षं हाच एक भरवशाचा पर्याय होता. लंडनच्या स्टेन्सबी ज्युनियरच्या बासरीवर ती बेतलेली. साचा एकदा कापला की वाद्य तेच राहतं. छापील बासरीत फाइल बदलली की वाद्य बदलतं, आणि तिचं खरं आकर्षण हेच आहे.

या तंत्राला जुनं वाद्य नव्यापेक्षा जास्त मानवतं. 2010 साली एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये अमित झोरान यांनी आधुनिक, कळांची बासरी छापून दाखवली. प्रयोग गाजला, पण त्या बासरीला इतके सांधे आणि इतक्या गाद्या लागतात की एवढा खटाटोप कशासाठी, असंच वाटतं. एका कळेची बासरी मात्र या यंत्रासाठीच जन्मल्यासारखी आहे. टेबलावरच्या साध्या प्रिंटरवर साधारण 25 सेंटिमीटर उंचीपर्यंतची वस्तू छापता येते, आणि चार तुकड्यांच्या ट्रॅव्हर्सोचा प्रत्येक तुकडा त्यात उभा मावतो. ऑटेतेरच्या काळच्या बासरीचा लांब मधला भाग मावत नाही. आपली मोठी बांबूची बासरीही अखंड मावणार नाही. शिवाय निमुळती पोकळी कोरायला कारागिराला खास रीमर घडवावे लागतात. प्रिंटरला सरळ काय आणि उतरती काय, दोन्ही सारखीच. कच्चा माल म्हणाल, तर पीएलए या प्लॅस्टिकचं किलोभराचं रीळ हजार रुपयांच्या आसपास येतं आणि एका बासरीला त्यातला लहानसा हिस्सा लागतो.

आता हातात घेऊन पाहू. नखाने पाठ खरवडली की थरांच्या बारीक रेघा लागतात. बाहेरच्या रेघा दिसायला वाईट, एवढंच. आतल्या मात्र सुराला खरखर देतात, म्हणून काठीला पॉलिशपेपर गुंडाळून पोकळी घासावी लागते. सांध्यांवर दोरा गुंडाळायचा, डोक्यात बूच सरकवून जागा साधायची. कळेला स्प्रिंगच्या जागी रबरबँड लावलेला असेल तर दचकू नये, चालतं. खरी गोम मुखरंध्रात. ते जेमतेम नऊ मिलिमीटरचं, बांबूच्या बासरीच्या मानाने फारच लहान. फुंक ज्या कडेवर आपटून फुटते ती कड आणि तिच्या आतला तिरका काप, यावर स्वराची निम्मी जात ठरते. प्रिंटर नेमका इथेच हरतो. थरांची कड बोथट निघते. चाकूने आणि बारीक कानशीने ती हाताने उजवावी लागते. दोन कानशी जास्त बसल्या तर डोकं फुकट. छापील बासऱ्या घोगऱ्या असतात अशी तक्रार सर्रास होते. माझ्या मते त्यातल्या बहुतेकींचा दोष प्लॅस्टिकचा नाही, न उजवलेल्या कडेचा आहे.

लाकडाचा ध्वनी वेगळाच, हा दावा वादक सोडत नाहीत. जॉन कोल्टमन यांनी 1971 साली चांदी, तांबं आणि लाकूड यांच्या एकाच आकाराच्या बासऱ्यांवर चाचण्या घेतल्या होत्या. ऐकणाऱ्यांना त्या ओळखता आल्या नाहीत, वाजवणाऱ्यांनाही नाही. आकार सारखा ठेवला तर पदार्थाचा हिशेब फार उरत नाही. फरक पडतो तो ओलीचा. लाकूड श्वासाची थोडी वाफ पिऊन घेतं, प्लॅस्टिक पीत नाही; थंडीत थेंब घसरत भोकात येतो आणि ऐन आलापीत स्वर गुदमरतो. आणि मराठवाड्यात उन्हाळ्याचाही विचार हवा. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती बासरी विसरलात, तर परत मिळेल ती केळ्याच्या आकाराची. इकडे पीईटीजी हे प्लॅस्टिक घ्यावं.

फाइलींबद्दल एक शंका मात्र कुणी फारशी काढत नाही. संग्रहालयातल्या बासऱ्यांची मापं आता सीटी स्कॅनने घेता येतात. पण दोन-अडीचशे वर्षांत लाकूड आकसतं, गोल पोकळी लंबगोल होते. मग छापायचं काय, आज आहे ते की कारागिराने केलं होतं ते? फुकट फिरणाऱ्या कित्येक फाइलींत मूळ वाद्य कोणतं, दुरुस्ती काय केली, याचा पत्ता नसतो. तरी त्यांना बिनदिक्कत नक्कल म्हटलं जातं.

वादनाची बाजू याहून कच्ची आहे. ट्रॅव्हर्सोवर मधले स्वर आडव्या बोटांनी काढायचे असतात, म्हणजे एक भोक उघडं ठेवून खालची मिटायची. ते स्वर दबलेले, धुरकट निघतात. जुन्या रचनाकारांनी या उजेड-सावलीचा हिशेब धरून लिहिलं आहे. नवे वादक, विशेषतः धातूच्या बासरीवरून आलेले, तो दोष समजून जास्त फुंकून स्वर सपाट करतात. मग जुन्या वाद्याचा खटाटोप केला कशाला? आपल्याकडच्या कानाला ही गोष्ट खरं तर सोपी जावी. दरबारीचा गंधार आणि भीमपलासीचा गंधार एकाच जागी बसत नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. अठराव्या शतकातले बासरीवादक क्वान्ट्झ यांनी याच कारणासाठी बासरीला दुसरी कळ जोडली होती: डी शार्प खाली, ई फ्लॅट किंचित वर. भोकाच्या कडेवर बोट हलवून स्वर थरथरवण्याची जी फ्लातमां नावाची हरकत ऑटेतेर शिकवतात, तीही बांबूवाल्याच्या बोटांत आधीच असते. अडचण येते मींडेची. लहान भोकांवर ती तोकडी पडते, आणि आपला वादक तिच्यावाचून दोन स्वर जोडायला तयार नसतो. इथे जिभेने स्वर वेगळे करायचे असतात. ते वळण नव्याने लावून घ्यावं लागतं.

मराठी माणसाचा युरोपीय संगीताशी संबंधच नव्हता असंही नाही. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांनी युरोपीय वाद्यांचा वृंद बाळगला होता, आणि पाश्चात्त्य स्वरलिपीच्या वह्या तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. पण नांदेड-लातूरकडे ट्रॅव्हर्सोचा गुरू शोधायला निघालात तर हाती काही लागायचं नाही. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळेत प्रिंटर सापडेल, शिकवणारा सापडणार नाही. तोवर टेलेमानच्या एकट्या बासरीसाठीच्या 12 फॅन्टसिया घ्याव्यात. साथ लागत नाही, तुकडे लहान आहेत, आणि एकाच नळीतून दोन आवाजांचा संवाद कसा उभा करायचा हे त्यातून कळतं. बाखची ए मायनर पार्टिटा लगेच उघडू नये; तिच्या पहिल्या भागात श्वास घ्यायला जागा शोधावी लागते.

विकत घेणाऱ्याने पैसे कुठे घालावेत, हे आता सांगता येतं. खालचे तीन तुकडे छापून घ्यावेत, त्यांत फारसं बिघडत नाही. डोकं मात्र ज्याला कड उजवता येते अशा हाताकडून करून घ्यावं, आणि छापाईच्या दुप्पट मजुरी मागितली तरी घासाघीस करू नये.