मनाचे भटकणे आणि हातांचे काम

लेखन अडले की मनास मोकळे सोडावे, ते भटकून काहीतरी घेऊन येईल, असा उपदेश नवोदितांना वारंवार केला जातो. हा उपदेश अर्धा आहे, असे आम्हांस वाटते. उरलेले अर्धे आपल्याच भाषेत सापडते.

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी घरात व शेतात, काम चालू असताना सुचली. पुत्र सोपानदेव यांनी ती टिपून ठेवली, आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली ती ग्रंथरूप झाली. मनाच्या भटकेपणावरही त्यांनी रचना केली. जात्याचा खुंटा फिरत असता मन मोकळे असते, पण सुटलेले नसते; घरघरीची लय त्यास धरून ठेवते. डिचोली-पेडण्याकडच्या आपल्या घरांतील दळणाच्या ओव्याही याच लयीत बसल्या.

लिखित गद्यात दुर्गाबाई भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) पाहावे. तेथे मन झाडावरून लोककथेकडे, पुराणाकडे मुक्तपणे जाते; तथापि प्रत्येक लेखास एका महिन्याची वेस आहे. ती काढली तर सुटी टिपणे उरतील.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मध्यंतरात हलके काम करणाऱ्यांना आधीच हाती घेतलेल्या प्रश्नांवर अधिक कल्पना सुचल्या. नुसते बसून राहिलेल्यांना तितक्या नाहीत. नव्या प्रश्नांत तो लाभ दिसला नाही. पुढील फेरप्रयोगात हा परिणाम आढळला नाही, म्हणून त्यावर फार भार देऊ नये. परंतु जात्याचा अनुभवही तेच सांगतो : भटकणारे मन पेरलेले पिकविते, बियाणे आणीत नाही.

सभेत वाचल्या जाणाऱ्या ललित लेखांची उणीव येथेच आहे. आरंभी पाऊस, मग आजोळ, शेवटी जीवनाची क्षणभंगुरता. लेखकाने कोणताच प्रश्न बरोबर नेलेला नसतो, म्हणून मनास परतण्यास ठिकाण नसते.

आता जाती माळ्यावर गेली, आणि सर्वण-डिचोली एवढ्याशा वाटेवरही रिकामा क्षण मोबाईल भरून काढतो. ओवी देणारा अवकाश असा घरातूनच नाहीसा होत आहे. लिहिणाऱ्याने एक प्रश्न मनात धरावा आणि सुपारी सोलावी, फुले ओवावी, परसात पाणी घालावे. मन भटकेल, हात त्यास घरी आणतील.