निगेटिव्ह कोण: गाठ की बाटली?

पेपर हातात आला की आपण आधी निष्कर्ष वाचतो आणि ‘पद्धती’ हा भाग सरळ उडवतो. मीही तेच करायचे. ही सवय किती महागात पडते, ते एका उदाहरणावरून बघा.

2000 साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून स्तनाच्या 798 गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, फक्त 32.6 टक्के गाठींत दिसला. पाश्चात्त्य देशांपेक्षा हे बरंच कमी. ‘आपल्याकडचा कर्करोगच वेगळा’ असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं.

पण दुसरा आकडा बघा: पीआर 46.1 टक्के. पीआर मुख्यतः ईआरच्याच हुकमावर तयार होतो. मग तो ईआरपेक्षा जास्त कसा? नुसती वजाबाकी केली तरी किमान 13.5 टक्के गाठी ‘ईआर नाही, पीआर आहे’ अशा निघतात. मला इथे जीवशास्त्रापेक्षा स्टेनिंगचीच शंका जास्त येते.

समजा, शनिवारी अलिबागला ऑपरेशन झालं आणि गाठ न कापता तशीच फॉर्मालिनमध्ये टाकली. फॉर्मालिन आत शिरतं हळूहळू. तोवर मधला भाग खराब व्हायला लागतो. उलट, बाटली आठवडाभर पडून राहिली तर प्रथिनांचं जाळं इतकं घट्ट होतं की अँटिबॉडीला जागाच सापडत नाही. 1991 मध्ये आलेल्या उष्णतेच्या अँटिजेन रिट्रीव्हलने हे जाळं बरंच सैल होतं, पण खराब झालेलं प्रथिन परत येत नाही. म्हणूनच नियम आहे: तासाभरात फॉर्मालिन, पातळ काप, आणि 6 ते 72 तास.

अभ्यासावर अन्यायही नको. आपल्याकडचे रुग्ण तुलनेने तरुण, आणि तरुण वयात ईआर कमीच असतो. पण त्याच रुग्णालयाच्या 1999 ते 2006 च्या आढाव्यात हार्मोन रिसेप्टर निम्म्याहून जास्त गाठींत दिसले. इतक्या थोड्या वर्षांत जीवशास्त्र बदलत नाही, पद्धत बदलते. अर्थात रुग्ण वेगळे असल्याने पद्धतीचा वाटा नेमका किती, हे या आकड्यांवरून सांगता येणार नाही.

हा वाद कागदावरचा नाही. खोटा ‘निगेटिव्ह’ म्हणजे टॅमोक्सिफेनसारखी स्वस्त गोळी एखाद्या बाईला मिळतच नाही.

म्हणून पुढचा पेपर वाचताना तीन गोष्टी शोधा: फॉर्मालिनमध्ये किती तास, रिट्रीव्हल कसं, आणि त्याच स्लाइडवरच्या निरोगी नलिका रंगल्या का? त्याही कोऱ्या असतील तर तो निकाल ‘निगेटिव्ह’ नाही. तो निकालच नाही.