तंजावरच्या शिळेवरचे एक सर्वनाम

मी राहते ते होसकोटे एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यांचे पुत्र व्यंकोजी बंगळुराहून तंजावरला गेले आणि तिथे मराठ्यांचे राज्य उभे राहिले. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजींची एक छोटी इंग्रजी कविता गेले काही महिने भाषांतरासाठी माझ्यापुढे पडून आहे. ती कागदासाठी नव्हे, थडग्याच्या शिळेसाठी लिहिलेली आहे.

थडगे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचे. हे लूथरन मिशनरी १७५० साली तरंगंबाडीला उतरले आणि १७९८ साली तंजावरला वारले. तुळजाजींनी दत्तक घेतलेल्या सरफोजींचे ते पालक होते. अमरसिंहाने गादी बळकावल्यावर मुलाच्या हक्कासाठी इंग्रजांकडे त्यांनीच रदबदली केली.

शिवगंगा किल्ल्यात श्वार्ट्झ यांनी १७७९ साली बांधलेले चर्च आहे. सरफोजींनी जॉन फ्लॅक्समनकडून करवून घेतलेले संगमरवरी स्मारक तिथल्या भिंतीवर दिसते: मरणशय्येवरचे गुरू आणि त्यांचा हात हातात घेतलेला पागोटेवाला राजा. फ्लॅक्समन हिंदुस्थानात कधी आला नाही. त्याने घडवले ते पाहिलेले नव्हे, मानलेले दृश्य आहे. पाहणाऱ्याला ते लगेच कळते आणि तिथेच संपते. कृतज्ञ राजा, थोर पाद्री, बाकी सारे शांत. या कृतज्ञतेमागे गादीचा हिशेब होता, आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभारच कंपनीकडे गेला, हे त्या दगडात कुठेच नाही.

सेंट पीटर्स चर्चमधल्या थडग्यावरची कविता इतकी गुळगुळीत नाही. काव्य म्हणून ती साधीच आहे: गुणांची माळ, सोपी यमके. हिंदी माणसाने लिहिलेल्या पहिल्यावहिल्या इंग्रजी पद्यांपैकी एक, म्हणून तिचे कौतुक होते. पण कौतुक करणारे ती वाचत नाहीत. वाचली तर कळते की ती सबंध संबोधन आहे. राजा मृताशी बोलतो, त्याला वडील म्हणतो आणि शेवटी आपले नाव घालतो, एखाद्या पत्राखाली घालावे तसे. राज्याचा उल्लेखही नाही.

याच राजाने १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. तिथे वंश बोलतो, समोर कोणी विशिष्ट माणूस नाही. माणसाशी बोलायला मात्र त्याने परकी भाषा घेतली, कारण ती त्या माणसाकडूनच मिळाली होती.

अडचण आहे ती सर्वनामाची. इंग्रजीतला तो जुना एकवचनी शब्द बायबलचाही आहे आणि समाधिलेखांचाही. मराठीत गुरूला ‘आपण’ म्हणावे, ही रीत. माझ्या पहिल्या खर्ड्यात तेच होते. शेवटच्या ओळीत ‘आपला सरफोजी’ आले आणि सगळे बिघडले: वाचताना ते दरबारी पत्राचे ‘आपला’ वाटू लागले, खाली शिक्का तेवढा राहिला.

आता मी ‘तू’ केले आहे. मराठीत आईला आणि विठ्ठलालाही आपण ‘तू’च म्हणतो, त्यात आदर कमी पडत नाही, अंतर कमी होते. धर्म न बदलता एका पाद्र्याला बाप म्हणणाऱ्या पोरक्या राजपुत्राला एवढी जवळीक संगमरवराने दिली नाही. भाषांतराने द्यावी.